घुगरीवर चढलेला गंधक

इंदूबाई गावंडे यांना शाळेतल्या मुली ‘बाई’ म्हणत, गावातल्या बाया ‘मास्तरीणबाई’ म्हणत आणि घरी सासू ‘इंदे’ म्हणून हाक मारी. महागावच्या अलीकडे, सडकेपासून आत गेलं की लागणाऱ्या एका गावात त्यांची नेमणूक होती. शाळेच्या दोन खोल्या आणि पुढे ओसरी. मागच्या खोलीत वरचे वर्ग बसत आणि ते सगळे विषयांसकट इंदूबाईंच्या पदरात होते.

लग्नानंतर तिसऱ्याच वर्षी नवरा मुदतीच्या तापानं गेला. कापसाच्या जिनावर मुनीम होता, शांत माणूस. सासूचा तो एकुलता एक. लोकांना वाटलं, आता म्हातारी सुनेला माहेरी लावून देईल. म्हातारीनं सुनेची जोडवी सोनाराकडे मोडली आणि तिला यवतमाळला ट्रेनिंगला पाठवलं. ‘रडायले जलमभर आहे, आधी पोटाचं पाय,’ एवढंच म्हणाली. तेव्हापासून जिथं सुनेची बदली, तिथं सासूची चूल. दोघी एका खोलीत राहत आणि पहाटेपासून एकमेकींच्या चुका काढत.

एकोणीसशे बासष्टचा हिवाळा होता. राज्य बदललं होतं, पुस्तकंही बदलली होती. जुन्या पुस्तकात जो परमाणू होता, तो नव्यात अणू झाला होता. इंदूबाईंनी ते मुकाट्यानं स्वीकारलं. नाव काहीही असलं तरी मुलींना तो दाखवायचा कसा, हा त्यांचा घोर होता.

अणू एक वेळ जमला. खडू मोडला, तुकडा मोडला, त्याचा भुगा केला, आणि भुग्याचाही भुगा करत मनानं खाली खाली उतरा म्हणून सांगितलं. मूलद्रव्यही जमलं. तांबं कितीही कुटा, तांबंच निघेल; सोनं कितीही वितळवा, सोनंच राहील. घोडं अडलं ते संयुगाशी. दोन मूलद्रव्यं एकत्र येतात, तिसराच पदार्थ तयार होतो, आणि त्यात आधीच्या दोघांचा रंग नाही, गुण नाही, हे मुलींच्या गळी उतरेना. मीठ हे एक जहरी वायू आणि एक पाण्यात पेट घेणारा धातू मिळून झालंय, असं बाईंनी सांगितलं तेव्हा वर्ग खो खो हसला.

“म्हणजे बाई, आम्ही रोज वरणात जहर टाकतो?” पाटलांची बेबी म्हणाली.

“जहर नाही गं. जहर होतं. आता मीठ झालं.”

“मग थे जहर कुठं गेलं?”

“आहे तिथंच आहे. पण जहर म्हणून नाही.”

सांगता सांगता बाईंनाच ते खोटं वाटायला लागलं. घरी येऊन त्यांनी विचार केला, डोळ्यांसमोर घडलं तरच पटेल. खरजेला लावायला घरात गंधक होताच. चांदी आणि गंधक, दोन्ही मूलद्रव्यं. एक पांढरी, एक पिवळा. एकत्र येऊन काळी होतात. काम झालं. फक्त चांदी हवी होती, आणि ती बाईंच्या घरात अंगावर घालायची अशी उरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गात सांगितलं, “घरातली चांदीची एखादी बारीक वस्तू आणा. तुटकी अंगठी, पैंजणाची कडी, काहीही चालेल. पण अस्सल पाहिजे. गिलट नको.”

गावातल्या मुली घरी सांगायला विसरल्या. विसरली नाही ती तांड्यावरची हंसा. ही सेवादासची मुलगी. तांड्यावरून चारदोन मुली शाळेत येत, त्या हिच्या मागं मागं. बोलायची कमी, पण बाईंच्या तोंडातला शब्द खाली पडू द्यायची नाही. तिनं ओढणीच्या टोकाची गाठ सोडून एक लहानसा दागिना बाईंच्या हातावर ठेवला. वर फुगीर वाटीसारखा, खाली बारीक बारीक घुंगरं. कडी तुटलेली.

“अस्सल आहे का गं?”

“हो बाई. घरात ही जोडच अस्सल हाय. बाकी सारं गिलट.”

बाईंना वाटलं, कानातला झुमका असावा. कडी तुटलीय म्हणून पेटीत पडलेला. त्यांनी ओसरीत शेगडी मांडली, लोखंडी पळीत गंधकाची चिमूट टाकली. गंधक वितळला, मधासारखा झाला, वास सुटला. मुलींनी पदर नाकाला लावले. बाईंनी चिमट्यात दागिना धरला आणि पळीवर फिरवला. पांढऱ्या चांदीवर आधी पिवळट झाक आली, मग तपकिरी, आणि बघता बघता अख्खा दागिना घुंगरांसकट कोळशासारखा काळा झाला.

वर्गानं एकदम श्वास घेतला. बाईंना इतका आनंद झाला की त्यांचा आवाज चढला.

“पाहा! चांदी दिसते का? गंधक दिसतो का? दोघेही आहेत, पण हे तिसरंच झालं. याला संयुग म्हणतात!”

मुलींनी तो शब्द घोकला. हंसानं काळा दागिना परत ओढणीत बांधला तेव्हा बाई म्हणाल्या, “घरी चिंचेनं घास, निघेल.” खरं तर तो घासून किती निघेल हे त्यांनाही नीट माहीत नव्हतं. पण धडा रंगला होता, घंटा झाली होती.

दुसऱ्या दिवशी तांड्यावरची एकही मुलगी शाळेत आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. त्या दिवशी दुपारच्या सुट्टीत नायक देवसिंग आले. तांड्याचे प्रमुख, पांढरा फेटा, हातात काठी. ओसरीत बसले नाहीत, पायरीशी उभे राहिले.

“बाई, तुमच्यावर राग नाही आमचा,” ते म्हणाले. “तुमी कोर लोक, तुमाले आमचं काय ठाऊक.” गोरमाटी, म्हणजे बंजारे, सोडून बाकी सगळे त्यांच्या लेखी कोर. “पण थे झुमकं नव्हतं. घुगरी होती. मानीबाईच्या लग्नातली.”

“हंसाच्या आईची?”

“आमच्या बाया लग्न झालं का दोन्ही गालावर केसात घुगरी बांधतात. नवरा हाय तंवर घुगरी हाय. नवरा गेला का उतरवतात.” बाईंच्या मोकळ्या कपाळाकडे त्यांनी पाहिलं नाही, मुद्दाम शेगडीकडे पाहिलं. “एकीची कडी तुटली म्हणून मानीनं सोनारासाठी काढून ठेवलती. पोट्टीनं न विचारता आणली. आता सेवादास गाडी घेऊन नेरकडे गेलाय कापूस वाहायले, त्याची खबर नाही. आन् घुगरी घरात आली थे काळी होऊन. त्यात...”

“त्यात माझ्या हातानं,” बाई म्हणाल्या.

देवसिंगांनी मान खाली घातली. “बायांचं बोलणं असते बाई. मानी जेवत नाही. पडून राह्यली. पोरी म्हणाल तर, आता बाया पाठवत नाहीत. मी सांगून पाह्यलं.”

“चिंचेनं घासली का?”

“हात कोण लावन तिले?”

ते गेले. बाईंनी पुढच्या तासाला गणित घेतलं आणि फळ्यावर बेरीज चुकवली. पाटलांच्या बेबीनं ती दाखवून दिली.

घरी सासू ज्वारी निवडत बसली होती. तिला आधीच कळलं होतं. तिला सगळं आधीच कळायचं.

“तुले दिसलं नाही? एवढ्या लमाणाच्या बाया बाजारात दिसतात, केसात काय बांधतात थे पाह्यलं नाही कधी?”

“झुमका वाटला मले.”

“झुमका! शिकलेली बाई, आन् झुमका वाटला.” सासूनं खडा काढून लांब फेकला. “आता जेव.”

“भूक नाही.”

“थ्या मानीलेही नाही, तुलेही नाही. दोघी उपाशी राह्यल्यानं थो गाडीवाला लवकर येणार हाय का?”

इंदूबाई भिंतीला टेकून बसल्या. शकुनअपशकुनावर आपला विश्वास नाही असं त्या वर्गात सांगत. पण नवरा तापात होता तेव्हा दळताना त्यांच्या हातातली बांगडी फुटली होती. काचा त्यांनी पटकन पदरात गोळा केल्या आणि वर पाहिलं तर दारात सासू उभी होती. चौथ्या दिवशी तो गेला. त्या बांगडीबद्दल सासू आजवर एक अक्षर बोलली नव्हती, आणि ती बोलली नाही म्हणूनच इंदूबाई ती कधी विसरल्या नव्हत्या. म्हणून मानीबाईला वेडी म्हणायची त्यांची हिंमत होत नव्हती.

सूप बाजूला ठेवून सासू अचानक म्हणाली, “बांगडी फुटल्यानं माणूस मरते का वं?”

इंदूबाईंनी भिंतीचा टेका सोडला.

“मुदतीच्या तापानं मरते,” सासू म्हणाली. “डाक्टर नव्हता म्हणून मरते. मी पाह्यलतं ना, मले ठाऊक नाही? इतके वर्स तोंडात मूग धरून बसली मी, तुले वाटलं मी तुलेच धरून बसली. जाय, थ्या बाईले सांग जाऊन.”

“सांगून पटत नाही ना. दिसावं लागते.”

“मग दाखव. मास्तरीण कायची तू?”

इंदूबाई सूप ओढून ज्वारीतले खडे काढायला लागल्या. मग त्यांना यवतमाळच्या ट्रेनिंगमधलं आठवलं. तिथं गृहशास्त्राच्या बाईंनी काळे पडलेले चांदीचे चमचे जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या पातेल्यात, मीठ आणि धुण्याचा सोडा टाकलेल्या उकळत्या पाण्यात सोडले होते. न घासता पांढरे झाले होते. घरात जर्मनचं एकच पातेलं होतं, सासूचं नवं, तिनं अजून त्यात भातसुद्धा रांधला नव्हता. आणि काळी पडलेली चांदी? देव्हाऱ्यात होती. कुलदैवताचा टाक, पिढ्यान्‌पिढ्यांच्या धुपानं काळा झालेला.

“देवाले उकडते?” सासू ओरडली.

“पाह्यल्याशिवाय तांड्यावर जाऊ कशी? तिथं नाही झालं तर?”

सासूनं देवाची माफी मागितली, मोठ्यानं, शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशी, आणि पातेलं स्वतः चुलीवर ठेवलं. पाणी उकळलं, सोड्याचे बुडबुडे आले. टाक तळाला पातेल्याला चिकटवून ठेवला. जरा वेळानं घरात नासक्या अंड्याचा वास सुटला. सासूनं नाक मुरडलं. चिमट्यानं टाक वर काढला तेव्हा देवाच्या मिश्या आणि घोडा लख्ख दिसत होते. सासूनं तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला.

“माह्या सासूच्या राज्यातही असा दिसला नव्हता,” ती हळूच म्हणाली. मग पातेल्यात डोकावली. “आन् माहं पातेलं काळवंडलं की वं!”

रविवारी सकाळी उन्हं चांगली तापल्यावर इंदूबाई तांड्यावर गेल्या. पातेलं पिशवीत, मीठ आणि सोडा पुड्यांत. सासू निघताना म्हणाली होती, “त्यात मटण शिजवू देऊ नको त्याईले,” आणि मग, “शिजवलं तर शिजवू दे.”

मानीबाईच्या अंगणात बाया जमल्या. मानीबाई खाटेवरून उठली नाही. आरशांच्या कांचोळीतली, काटक, पस्तिशीची बाई, डोळे सुजलेले. एका गालावर घुगरी, दुसऱ्या गालाशी केस मोकळे. घुगरी कपड्यात गुंडाळून कोनाड्यात ठेवली होती. हंसा आईच्या मागं भिंतीशी उभी होती. तिच्या गालावर वळ होता.

“तिला मारू नका,” बाई म्हणाल्या. “मी मागितली, तिनं आणली. तिनं अस्सल आणली, कारण मी अस्सल मागितली.”

“अस्सल होती,” मानीबाई म्हणाली. “आता हाय का?”

“आहे. चांदी तशीच आहे. वरून गंधक तिला धरून बसलाय. तो काढता येतो.”

सुखीबाई नावाची एक म्हातारी पुढं झाली. “काढता येते, तर मंग तुमी हात नका लावू, बाई. वाईट नका मानू. पह्यल्यानं लागला तो पुरे.”

इंदूबाईंनी हात मागं घेतले. हे ऐकायची त्यांना सवय होती. हळदीकुंकवाला, बारशाला, कुणाच्या ओटीला. तरी प्रत्येक वेळी ते नव्यानं लागायचं.

“मी लावत नाही,” त्या म्हणाल्या. “मानीबाईच करतील. मी नुसती सांगते.”

मानीबाईनं प्रथमच त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग खाटेवरून उठली. तीन दगडांची चूल पेटली. बाई लांब उभ्या राहून सांगत गेल्या. पाणी इतकं, मीठ मूठभर, सोडा त्याहून कमी. पाणी उकळलं तशी मानीबाईनं कोनाड्यातलं गाठोडं आणलं, डोळे मिटले आणि काळी घुगरी पाण्यात सोडली.

“तळाला टेकू द्या. पातेल्याला चिकटू द्या.”

बुडबुडे येत राहिले. वास सुटला.

“अंडं नासलं का कोणाचं?” मागून कुणी म्हणालं आणि एकदोघी हसल्या.

“तो गंधकाचाच वास आहे,” बाई म्हणाल्या. “चांदीला सोडून निघालाय.”

“कुठं निघाला?” हे मानीबाईनंच विचारलं, पाण्यावरून नजर न काढता.

“थोडा वासात गेला. बाकी पातेल्याच्या धातूला धरून बसतो. त्याला जर्मन जास्त आवडतं, चांदीपेक्षा.”

“म्हंजे जर्मन मेलं,” सुखीबाई म्हणाली. “चांदीची सुटका झाली, आन् बिचारं जर्मन अडकलं.” आता सगळ्याच हसल्या. मानीबाई हसली नाही, पण तिनं पळीनं घुगरी वर काढून पाहिली. काळीची तपकिरी झाली होती. ती काही न बोलता परत खाली सोडली. पाणी बदललं, पुन्हा मीठ, पुन्हा सोडा. इंदूबाईंना घरचा टाक आठवला. टाकावर धुपाचा पातळ थर होता. इथं त्यांनी स्वतः शेगडीवर धरून जाड चढवला होता. निघाला नाही तर या तांड्यावरच्या पोरी पुन्हा कधी शाळेचं तोंड बघणार नाहीत, आणि हंसाच्या आयुष्यात शेण गोळा करण्यापलीकडे काही उरणार नाही.

तिसऱ्या पाण्याला घुगरी पांढरी झाली. घुंगरांच्या आतल्या बारीक फटींतूनही, जिथं राख किंवा चिंच कधी पोचली नसती. मानीबाईनं ती थंड पाण्यात बुडवली, ओढणीनं पुसली, कानाशी नेऊन हलवली. आवाज आला. तिचा श्वास मोठ्यानं सुटला, एवढंच.

“याडी, चांदी मेलीच नव्हती,” हंसा भिंतीपासून म्हणाली.

“तू गप,” मानीबाई म्हणाली, पण तिला जवळ ओढलं.

तुटक्या कडीत लाल दोरा ओवून तिनं घुगरी मोकळ्या केसात बांधली. बाया मागं सरून बघू लागल्या. आणि मग सगळ्यांनाच ते एकदम दिसलं. एका गालावर चांदण्यासारखी पांढरी घुगरी, दुसऱ्या गालावर वर्षानुवर्षांच्या घामातेलानं राखाडी पडलेली. आधी कधी लक्षात आलं नव्हतं, कारण दोन्ही सारख्याच मळक्या होत्या.

“जोड नाही दिसत वं,” सुखीबाई म्हणाली. “एक घुगरी मानीची, एक तिच्या सासूची.”

“मंग आता काय करू?”

“दुसरीही टाक पाण्यात.”

“मावशी! नवरा असताना हीही उतरवू?”

सेवादास पुढं संक्रांतीला धडधाकट परत आला आणि बायकोच्या गालाकडे बघून ‘नव्या केल्या का?’ म्हणाला, पण त्या सकाळी ते कुणाला ठाऊक नव्हतं. मानीबाईनं आरशाचा तुकडा मागवला. स्वतःचा एक गाल पाहिला, दुसरा पाहिला. तिच्या चेहऱ्यावर भीती होती आणि त्या भीतीच्या वर हळूहळू वैताग चढत होता.

“असं पांढरं-काळं घेऊन फिरू का बाजारात?” ती म्हणाली. “एक बांधली आहे ना? एक बांधली असली का झालं.”

तिनं दोन्ही हात वर नेले आणि जुन्या वेणीची गाठ सोडायला लागली. लोकर, दोरा आणि केस कैक वर्षं एकमेकांत गुंतलेले. एका हातानं वेणी धरली तर गाठ सुटेना, दोन्ही हातांनी गाठ धरली तर घुगरी खाली निसटायला लागली. सुखीबाई चुलीशी लाकूड सारत होती. पुढच्या पाण्यात मीठ टाकून हंसाचे हात भरले होते. सगळ्यात जवळ उभ्या होत्या इंदूबाई, हात मागं बांधून.

“बाई, धरा ना जरा,” मानीबाई वर न बघता वैतागून म्हणाली. “पडन ना थे!”

इंदूबाईंनी हात पुढं केला. घुगरी तळव्यावर आली, कोमट, खोबरेल तेलानं माखलेली. चुलीजवळून सुखीबाईनं पाहिलं, आणि पुन्हा लाकडाकडे वळली.